बादली आणि बंगालचा उपसागर

"सर, तुम्ही बंगालच्या उपसागरापाशी उभे राहा. बादली धरून."

पर्यवेक्षिका बाई हे हसत म्हणाल्या. आठवीच्या भूगोलाची उजळणी होती. पटांगणात मी आणि पोरांनी मातीचा नकाशा केला होता. पश्चिमेला सह्याद्री, त्यावर ब्रह्मगिरी, तिथून पूर्वेकडे उतरत गेलेली गोदावरी. उगमावर पाणी ओतायचं आणि ते वाहत जाईल तसा एकेक मुद्दा पक्का करायचा. पर्जन्यछाया, खनन, वहन, संचयन, त्रिभुज प्रदेश. ओतणार मी होतो. कल्पनाही माझीच.

पण संस्थेचे विश्वस्त पालकांसोबत बघायला आले आणि येताना त्र्यंबकहून तांब्याभर तीर्थ घेऊन आले. म्हणजे ओतणार आता ते, आणि खाली आलेलं पाणी बादलीत धरणार मी.

बाई माझ्या कानाशी आल्या. "तीर्थ आहे ना सर. उगाच कुणाला काही वाटायला नको. तांब्याला हात तेवढा लावू नका."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझं आडनाव दोघांनाही पाठ होतं.

"हो मॅडम," म्हणालो. हो म्हणण्यात मी पहिल्यापासून हुशार. करारावरचा मास्तर मी. नेमणुकीचा कागद दर जूनला नवा. बाईंनी घसा खाकरला तरी मला जून दिसतो.

बादली उचलली. कडी वाजायला लागली. मांडीला दाबून ती गप्प केली. तिकडे विश्वस्तांनी डोळे मिटून थोडं पाणी सोडलं. मी उपसागरातून ओरडून शिकवायला लागलो. नाशिक आलं, पैठण आलं, नांदेड आलं. आणि मी ठणकावून सांगितलं, "शेवटी गोदावरी अरबी समुद्राला मिळते."

पोरांनी आधी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर," आठवीतली स्नेहल म्हणाली, "मग तुम्ही कुठं उभे आहात?"

पटांगण खदखदून हसलं. मीही हसलो. माझ्या फजितीला पहिला मीच हसतो, म्हणजे दुसऱ्याचं हसणं कमी लागतं. जुनी सवय.

मग विश्वस्त शेजारच्या पालकाला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "राखीव जागेवरून आलेल्यांचा भूगोल. असाच असायचा."

पुन्हा हशा. फक्त स्नेहलचं हसू थांबलं. ती आमच्याच कॉलनीतली, विहाराच्या मागच्या गल्लीतली. तिनं मान खाली घातली. चूक माझी, आणि मान तिची.

बास. ती मान मला ओळखीची होती. शाळेत असताना मीच ती वागवली होती.

मी बादली खाली ठेवली. भीती गेली होती असं समजू नका. लघवीला लागलेली. तसाच नदीच्या काठाकाठानं वर निघालो. नांदेड, पैठण, नाशिक. विश्वस्तांच्या हातातला तांब्या घेतला.

"साहेब, चूक माझी. घाबरलो म्हणून झाली. ती माझ्या एकट्याच्या नावावर टाका. माझ्या समाजाच्या नाही."

"सर! तांब्या ठेवा आधी!" बाई ओरडल्या.

"उजळणी राहिलीय मॅडम."

आणि ओतलं. हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात सांडलं. म्हणजे थोडी गोदावरी अरबी समुद्राला मिळालीच. उरलेली पूर्वेला गेली. बादली कुणीच धरली नव्हती. पाणी जमिनीत मुरलं.

नंतर तो तांब्या चिंचेनं घासून घेतला, असं शिपाईमामांनी सांगितलं.

जूनचा कागद येईल असं वाटत नाही. मोबाइल वाजला की आधी बाईंचं नाव तर नाही ना ते बघतो, खोटं कशाला सांगू. उद्या नववीची उजळणी. बाईंचा निरोप आलाय, विश्वस्त पुन्हा येणार, जागा ठरल्याप्रमाणे.

मी घाबरतच जाणार. कदाचित चुकेनही. पण बादली ज्याला धरायची त्यानं धरावी. मी उगमावर उभा राहणार.