आडवा फोटो

एक्स-रेच्या खोलीतल्या बाईंना अख्खं हॉस्पिटल ‘दोन-फोटो बाई’ म्हणायचं, तेही तोंडावर. खुब्याला मार लागलेला माणूस आला की त्या आधी समोरून फोटो घेत आणि मग आडवा, म्हणजे बाजूने. पेशंट कितीही कळवळो, डॉक्टरांना कितीही घाई असो, बाई कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. समोरून धडधाकट दिसणारं हाड बाजूने तडकलेलं निघतं, हे पाहण्यातच त्यांचे केस पिकले होते. उद्या यम न्यायला आला तरी बाई आधी त्याचे दोन फोटो काढतील, असं वॉर्डातल्या आया म्हणायच्या.

त्या सकाळी न्हाणीघरात घसरून पडलेल्या त्यांच्याच सासूबाईंना घेऊन त्यांचा नवरा आला आणि बाईंचा हात आखडला. समोरचा फोटो निघाला. आडव्यासाठी चांगला पाय उचलून आधारावर ठेवावा लागतो, तेव्हा कुठे किरणं दुखऱ्या खुब्यातून आरपार जातात. त्यात कंबर हलते, जीव कासावीस होतो, अंगावरचा गाऊन कुठल्या कुठे जातो. बाईंनी पायाला हात लावताच सासूबाईंनी डोळे वटारले. “तू नको गं,” एवढंच त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून बाईंनी हे स्वयंपाकघरात, पाहुण्यांसमोर, आजारपणात इतक्यांदा ऐकलं होतं की हात आपोआप मागे आला.

आडवा कुठाय, असं डॉक्टरांनी विचारलं. समोरचा स्वच्छ आलाय आणि त्यांना फार दुखतंय, असं बाईंनी सांगून टाकलं. दुसरं कुणी असतं तर डॉक्टरांनी परत पिटाळलं असतं, पण बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुका मार आहे, वॉकर धरून चालवा आणि घरी न्या, असं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

बाईंनी फोटो पुन्हा पडद्यावर उघडला. हाड सरळ दिसत होतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. आत तडा असला तर अंगाचा भार पडताच हाड सरकेल. त्या वयात माणूस अंथरुणाला खिळला की उठेलच असं नाही. बोलावं तर डॉक्टरांसमोर आणि नवऱ्यासमोर आपलीच लाज जाणार, आणि गप्प बसलं तर कुणाला काही कळणारही नाही. तेवढ्यात वॉर्डातून वॉकर सरकवल्याचा आवाज आला.

बाई धावल्या. सासूबाई कॉटच्या कडेला बसल्या होत्या, नवऱ्याने काखेत हात घातला होता आणि पाय जमिनीला टेकायलाच आला होता.

“उभं करू नका,” बाई म्हणाल्या. “मी अर्धंच काम केलंय.”

नवरा चिडला. डॉक्टर परत आले. बाईंनी काही हातचं न राखता सगळं सांगितलं. डॉक्टरांनी फक्त पुन्हा घ्या म्हटलं, पण त्यांची नजर बाईंना चांगलीच झोंबली.

या वेळी बाईंनी नवऱ्याला दाराबाहेर काढलं. पाय उचलला तशा सासूबाई ओरडल्या. श्वास रोखा, असं त्यांना सांगता सांगता बाईंनी स्वतःचाही रोखला. पडद्यावर खुब्याच्या हाडात केसाएवढी काळी रेघ उमटली. हाड मात्र अजून जागच्या जागी होतं. बाईंनी चांगला पाय आधारावरून हलकेच खाली घेतला.

“मोडलंय का?” सासूबाईंनी विचारलं.

“तडा गेलाय, आई. सरकलं नाहीये. स्क्रू घालून बसवतील. तोवर पाय टेकवायचा नाही.”

“मग मघाशीच का नाही काढलास?”

“तुम्ही नको म्हणालात.”

“बाकी कुणाचं ऐकत नाहीस म्हणे. माझंच बरं ऐकलंस.”

काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेता आली असती. पण आज एकदा तसं करून झालं होतं.

“मला तुमची भीती वाटते,” बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी मान वळवून बाईंकडे पाहिलं.

“इतकी?” त्यांनी विचारलं. मघाशी पाय उचलतानासुद्धा त्यांचा आवाज इतका दुखावलेला नव्हता.