रांगेत नसलेली बंदूक

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. शेजारच्या आप्पांना घेऊन मी गेलो होतो. त्यांच्या बंदुकीच्या दस्त्यावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं.

"नळीचे ओरखडे गोळीवर उमटतात ना? मग प्रत्येक बंदुकीचा नमुना आधीच का घेऊन ठेवत नाही? माझ्या भावाला लागलेली गोळी तुमच्याकडे नुसती पडून आहे," आप्पा म्हणाले.

"काका, मारणारा त्याची बंदूक घेऊन या रांगेत येईल का?" हवालदारानं विचारलं.

"मग माझी कशाला ठेवून घेता?"

मला दोघांचंही पटत होतं. हवालदार बंदुकीच्या दस्त्याला नावाची चिठ्ठी बांधू लागला. त्याच्या बोटांना कुंकू लागलं. ते कुठल्या बंदुकीचं, एवढं मात्र आम्हा तिघांना नक्की ठाऊक होतं.