चौकटीपाशी थांबलेली खोली

आमच्या सोसायटीच्या प्रमुखाने मला फसवलं, आणि त्याच्यामुळे मी माझ्या बहिणीला फसवलं. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो. वळसे घेऊन बोलणं मला कधी जमलं नाही.

मी सुरतेत आलो तो लूमवर, यंत्रमागावर. बारा तास उभं राहून पाय सुजायचे. पुढे कारखानदार जुन्या मशिनी काढून नव्या बसवू लागले, तेव्हा त्या जुन्या मशिनी घ्यायच्या आणि भंगारात नाहीतर लहान गावांत विकायच्या, हा धंदा मी धरला. या धंद्यात दोनच गोष्टी लागतात. समोरच्याचं तोंड वाचता आलं पाहिजे, आणि बोलणं अडलं की उठून चपला घालता आल्या पाहिजेत. मला दोन्ही येतं. माझा राग नाकावर असतो हे सुरतेच्या उधना भागात पुष्कळांना माहीत आहे. पण एकदा हातावर हात मारला की मी फिरत नाही, हेही त्यांना माहीत आहे.

बहिणीशी मी असाच एक सौदा केला होता. लग्नाच्या दिवशी, दारात.

आमच्याकडे नवरा नवरीला घेऊन घरी आला की त्याची बहीण दार अडवते. तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, असं विचारते. भाऊ हो म्हणतो, सगळे हसतात, मग दार सुटतं. माझ्या बहिणीला मूल नव्हतं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. ती दारात हात आडवा धरून उभी राहिली तेव्हा आता ही काय मागणार, म्हणून बायका गप्प झाल्या.

ती अहिराणीत म्हणाली, "भाऊ, तुन्हा घरले एक दार मन्हं राहू दे. मी म्हातारी व्हसू तव्हय."

तुझ्या घराला एक दार माझं असू दे, मी म्हातारी होईन तेव्हा.

मी त्या वेळी सुरतेत भाड्याच्या खोलीत पाच जणांबरोबर राहत होतो. तरी घासाघीस केलीच. म्हणालो, "आधी मला घर तर होऊ दे."

"व्हई ते."

"आणि दार मागच्या अंगाला."

"चाली," असं म्हणून तिनं हात काढला. लोक हसले. आम्ही दोघं नाही हसलो.

घर झालं. उधन्यातली जुनी सोसायटी, एकाला एक लागून घरं, पुढे ओटा आणि मागे मोकळी जागा. तिला इथले लोक वाडो म्हणतात, आमच्या गावी परस म्हणतात. बायको होती तोवर परसात धुणं वाळायचं, मिरच्या वाळायच्या. मग बायको गेली. मुलगी लग्न होऊन लांब आहे. डबा बाहेरून येतो. घरात दोन खुर्च्या आहेत, एकीवर मी बसतो आणि दुसरीवर न घडी केलेले कपडे असतात. दिवसभर बाजारात इतकं बोलून घरी आलो की आपला आवाज घरात कुठेच लागत नाही, हे मला बायको गेल्यावर कळलं.

बहीणही तोवर एकटी झाली होती. मी तिला म्हटलं, इकडे ये. ती म्हणाली, "पाहुनी म्हनीसन येसू. राहाले म्हनशी ते मन्हं दार दाखाड." राहायला बोलावत असशील तर माझं दार दाखव. आमच्या जुन्या बायकांचं हे असंच असतं. भावाच्या चुलीवर बहीण चार दिवस मानानं जेवते, कायमची बसत नाही. स्वतःची चूल, स्वतःचा उंबरा असेल तर मग भिंतीपलीकडे भाऊ असला तरी चालतो.

मी परसात खोली बांधायला घेतली. एक खोली, कोपऱ्यात मोरी, मागच्या गल्लीकडे उघडणारं दार.

आमच्या रांगेत बहुतेकांनी परस आधीच बांधून काढलं होतं. माझ्या शेजारी प्रमुखाचं घर. त्याच्या परसात माझ्या बाजूला थोडी जागा सोडून दोन मजले उभे होते, भाडेकरू भरलेले. आमच्या घरांची भिंत एकच, म्हणून ना-हरकतीच्या कागदावर त्याची सही हवी होती. मी गेलो. तो ओट्यावर झुल्यावर बसला होता. आमचं बोलणं गुजरातीत झालं, इथे मराठीत लिहितो.

"बांध की, भाऊ," तो म्हणाला. "पण खिडकी माझ्या बाजूला नको."

"पूर्व तुमच्याच बाजूला आहे. सूर्य मी कुठून आणू?"

"आमच्या स्वयंपाकघरात नजर येईल."

"माझ्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शेठ. तुमची कढी तिला दिसायची नाही."

तो हसला. चहा सांगितला. सही केली नाही.

मी दुसऱ्या दिवशी गेलो, चौथ्या दिवशी गेलो. तो कधी म्हणे खिडकी लहान कर, कधी म्हणे वर चढव, कधी म्हणे जाळी बसव. मी म्हणायचो खिडकी राहील, आणि बसल्यावर बाहेर दिसेल एवढ्या उंचीवर राहील. एकदा मी उठून चपला घातल्या. त्यानं हाक मारली नाही. मी आठ दिवस गेलोच नाही. वाटलं, तोच येईल. अशा वेळी जो आधी बोलतो तो हरतो, हे मी लोकांना शिकवलेलं आहे. त्या काळात त्याच्या परसात मिक्सर फिरत होता, गच्चीवर सळया चढत होत्या. तिसरा स्लॅब चालला होता. सणाआधी उरकायचं असेल, असं मला वाटलं. रोज संध्याकाळी त्या मशिनीचा आवाज ऐकत मी डबा खायचो आणि खिडकीचा विचार करायचो.

पाच आठवडे गेले. मग एका सकाळी तो स्वतः माझ्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "आण तुझा कागद. खिडकी ठेव. शेजाऱ्याशी किती भांडायचं?"

मी जिंकलो. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी रस्त्यावरून चालताना छाती काढून चाललो. दुसऱ्याच्या तोंडावरून भाव ओळखणारा मी. पण आदल्या दिवशीच त्याचा स्लॅब ओतून झाला होता, आणि त्याला आता वेळ काढायची गरज उरली नव्हती, हे मी त्याच्या तोंडावर वाचलं नाही.

भिंती भराभर चढल्या. चौकट मी सागाची आणली होती, पाडलेल्या एका जुन्या घराची, चार बोटं जाड. बहिणीला बोलावलं. ती एका पिशवीत हळद-कुंकू, खण, नारळ आणि गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, बिया घेऊन आली. चौकट उभी करताना तिनं तिच्यावर आंब्याची पानं बांधली, उंबऱ्याला हळद लावली, आणि भिंतीच्या बाहेर बोटानं माती उकरून बिया टाकल्या. मग तिनं हात आडवा करून दार अडवलं.

"आते काय देशी?" ती म्हणाली.

"आता काही नाही. आता तू दे," मी म्हणालो.

त्या दिवशी ती हसली.

तिसऱ्या दिवशी पालिकेचे दोघं जण आले. जुन्या सोसायट्यांच्या मागच्या मोकळ्या जागेतली बांधकामं तात्पुरती थांबवली आहेत, असं त्यांनी सांगितलं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. गटाराची लाईन सगळ्या रांगेच्या परसांखालून जाते. परसं बंद झाल्यावर झाकणं खोल्यांच्या पोटात गेली, आणि पाऊस झाला की घाण पाणी मोऱ्यांतून उलटं वर येतं. माझ्याही आलं होतं. नवे नियम होईपर्यंत थांबा, एवढंच त्यांचं म्हणणं. ज्यांचा स्लॅब ओतून झाला आहे त्यांनी पुरं करावं, ज्यांचा झाला नाही त्यांनी हात लावू नये. माझ्या भिंती चौकटीच्या वर दोन थर आल्या होत्या. मी ओरडलो. त्यातला वयस्कर माणूस शांतपणे म्हणाला, "काका, या तारखेपासून बंद म्हणून सगळ्या सोसायट्यांना दोन महिन्यांआधी लेखी दिलंय. तुमच्या फळ्यावर लागलं असेल."

फळ्यावर पाणीपट्टीचा एक जुना कागद आणि हरवलेल्या पोपटाची चिठ्ठी होती. दुसरं काही नव्हतं.

मी कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी फाईल उघडून नक्कल दाखवली. खाली आमच्या सोसायटीचा शिक्का, आणि मिळाल्याची सही प्रमुखाची. तारीख मी दोनदा वाचली. मी पहिल्यांदा त्याच्या झुल्यासमोर बसलो, त्याच्या दोन दिवस आधीची.

म्हणजे तो मला म्हणाला "बांध की, भाऊ," तेव्हा कागद त्याच्या कपाटात होता. मी खिडकीवरून भांडत बसावं, कामावर उभा राहणारा गवंडी, सेंट्रिंगवाला आधी त्याच्याकडे यावा, आणि शेजारी-शेजारी दोन कामं एकदम दिसून पालिकेचं लक्ष जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. मी परत येऊन त्याच्या ओट्यावर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं झुला थांबवला नाही.

"लक्षातून गेलं, भाऊ. आणि तात्पुरतंच आहे. आज नाही तर उद्या उठेल."

"तुमचं पुरं झाल्यावर तुम्हाला तात्पुरतंच वाटणार."

"तूच पाच आठवडे खिडकी धरून बसलास. मी काय तुला बांधून ठेवलं होतं?"

मी ओट्यावरून उतरलो. 

घरी आलो तर बहीण बिनछपराच्या खोलीत पाट टाकून बसली होती, खिडकीसाठी ठेवलेल्या खाचेजवळ. मी तिला सगळं सांगितलं, खिडकीसकट. तिच्यासाठी पूर्वेचं ऊन मिळावं म्हणून किती लढलो, तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, खिडकी मी कव्हय मांगी व्हती?"

मागितली नव्हती. तिनं दार मागितलं होतं.

चार दिवस ती पाहुणी म्हणून माझ्या घरात जेवली. पाचव्या दिवशी पिशवी भरली. मी म्हटलं, पुढच्या खोलीत रहा, मी मागे झोपतो, चूल वेगळी मांडू. ती म्हणाली, छप्पर चढलं की सांग. गाडीत बसताना तिचा हात मी धरला होता. आमच्यात हात धरायची पद्धत नाही. तिनं काढून घेतला नाही, एवढंच.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. तात्पुरतं अजून तात्पुरतंच आहे. सिमेंटची उरलेली पोती दगड झाली, सळयांना तांबडा गंज चढला. गिलक्याचा वेल मात्र भिंतीवरून चौकटीवर गेला आणि तिच्या माथ्यावरून पलीकडे उतरला. एवढी गिलकी लागतात की एकट्यानं काय करायची? मी रांगेत वाटतो, प्रमुखाचं घर सोडून. सकाळी चहा घेऊन मी त्या उंबऱ्यावर बसतो. बंद करायला फळी नाही, तरी मी कधी आत जाऊन बसलेलो नाही. ती तिची जागा आहे. शेजारच्या दोन मजल्यांवरून खिडकीच्या खाचेत उतरायचं ते ऊनही आता येत नाही. प्रमुखाचा तिसरा मजला मध्ये आहे.

रोज संध्याकाळी बहिणीला फोन करतो. आधी ती विचारायची, परवानगीचा कागद आला का. मग विचारणं बंद झालं. मागच्या हिवाळ्यात ती मोरीत पडली, मांडीचं हाड मोडलं. आता तिच्या पुतण्याच्या घरात एका कोपऱ्यात खाटेवर असते. तो चांगला आहे, काही कमी करत नाही. पण तिथे चूल त्याच्या बायकोची आणि दारही त्यांचंच.

गेल्या महिन्यात मी म्हटलं, "नियम होतायत म्हणे. दिवाळीनंतर काम धरू."

 ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आते, भाऊ. मी तुले सोडं."

मी तुला सोडलं. शब्दातून मोकळं केलं. चाळीस वर्षं धंदा केला, अनेकांनी माझ्याशी केलेला सौदा मोडला, मी त्यांच्या दारात जाऊन भांडलो. पण समोरच्यानं आपण होऊन मला सोडून द्यावं, हे कधी झालं नव्हतं. याच्याशी कसं भांडायचं मला माहीत नाही. मी फोन ठेवला आणि परसात गेलो. तिथे भांडायलाही कोणी नव्हतं.

मी खिडकीचा हट्ट धरला, ती माझी चूक. ती मी तिच्यापाशी कबूल केली आहे, इथेही करतो. पण चूक माझी आणि लबाडी तुमची, प्रमुखसाहेब, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. पहिल्या दिवशी तो कागद कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला असता तर मी तिथल्या तिथे खिडकी सोडली असती, आणि पाच आठवड्यांत त्या खोलीवर छप्पर असतं.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. पण आपल्या रांगेत निम्मी घरं मराठी आहेत. कुणीतरी वाचून दाखवेल. सोसायटीच्या येत्या सभेत मी हिशेबाचं काही विचारणार नाही, गटाराचंही नाही. मी बहिणीला फोन लावून तो तुमच्या हातात देणार आहे. ती अहिराणी बोलते, तुम्ही गुजराती बोला, तिला कळतं. तो कागद तुम्ही का दाबून ठेवलात, ते सगळ्यांच्या देखत तिला सांगा. मला सांगून चालणार नाही. दार तिचं होतं.