तू इचारलंस खंय?

मालवणच्या एसटी स्टँडवर दुपारची बेळगाव गाडी लागली होती. तिथून मला पुढे बेंगळुरूला जायचं होतं. माझा मोठा भाऊ, दादा, बॅग घेऊन गाडीत चढला. बॅग वरच्या फळीवर ठेवायची तर टाचा उचलाव्या लागणार होत्या. त्याने दोनदा ती वर नेली, दोनदा खाली घेतली. शेवटी मागच्या एका माणसाने ती आत ढकलली. दादा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि गावाच्या कबड्डी संघात चढाई करायचा. मला वाटलं, मी निघाले म्हणून हा रुसलाय आणि मुद्दाम असं करतोय. त्याच्याशी न बोलताच मी खिडकीशी बसले. खाली आई उभी होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. "हंय ऱ्हवान काय करतलंस? जा तू," ती म्हणाली. "माझ्याकडे दादा आसा."

बेंगळुरूत मला स्नायूंच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये काम मिळालं. लांबलांबची माणसं यायची. हातात जाडजूड फाइल, फाइलमध्ये चार डॉक्टरांनी दिलेली चार नावं. त्यांच्या रक्तातून, स्नायूच्या तांदळाएवढ्या तुकड्यातून खरं नाव शोधायचं, हे आमचं काम. मी त्यात रमले. सकाळी दर्शिनी म्हणतात त्या छोट्या हॉटेलात उभ्याने इडली, दिवसभर इंग्रजी, रिक्षावाल्याशी मोडकं कन्नड. 'माका-तुका' तेवढं रविवारच्या फोनवर उरलं.

त्या फोनवर घरचं कळायचं. दादा मालवण बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तो जेटीवर पडला. मग गॅरेजच्या पायरीवर पडला. लोक म्हणायला लागले, दिवसाढवळ्या पितो. जामसंड्याच्या मुलीशी ठरत आलेलं लग्न त्यावरून मोडलं. मी आईला विचारलं, "पिता काय गो तो?" आईने फोन ठेवून दिला. दादाने आयुष्यात थेंब घेतला नव्हता, आणि हे मला ठाऊक होतं.

पुढे एका डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एक एन्झाइम असतं, ते भलतंच वाढलेलं निघालं. स्नायूंना सूज आहे असं ठरलं आणि स्टिरॉइड सुरू झाली. दादाने रिपोर्टचा फोटो मला पाठवला. आकडा बघून मी थबकले, हे खरं. पण त्या आठवड्यात आमचा शोधनिबंध जायचा होता. सवडीने बघू म्हणून मी लिहिलं, 'डॉक्टर सांगतात तसं घे.' ती सवड दोन वर्षं मिळाली नाही.

मग एका सकाळी ओपीडीत आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी हुबळीच्या एका तरुणीला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. तिच्या टाचा जमिनीवरून हलल्या नाहीत. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "हे नीट बघून ठेवा. पोटऱ्या आधी जातात. अशा रुग्णांना सूज समजून वर्षानुवर्षं स्टिरॉइड देतात. उपयोग शून्य, नुकसान मात्र होतं." मला बेळगाव गाडीतली ती फळी दिसली. बाहेर येऊन मी दादाला फोन लावला आणि चवड्यांवर उभा राहा म्हटलं.

"कित्याक गो?"

"ऱ्हवान बघ."

"जमणा नाय माका. सात-आठ वर्सां झाली."

"मग सांगलंस कित्याक नाय?"

"तू इचारलंस खंय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. गॅरेजातला दहा नंबरचा पाना कोणी नेला, असं विचारावं तसं त्याने विचारलं.

त्याची जनुकीय तपासणी केली. मॅडम म्हणाल्या होत्या तोच आजार निघाला. स्नायूचा पापुद्रा फाटला की तो सांधणारं प्रथिन त्याच्या शरीरात बनतच नाही. बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून, एक बाबांकडून आलेली. ती दोघं मामे-आतेभावंडं. मी हे समजावल्यावर आई म्हणाली, "म्हणजे आमच्या लगनान ह्यां झाला?" मी नाही म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं, पण तिला पटलं नाही. तशीच एक प्रत माझ्याकडेही आहे. एकाच प्रतीने काही होत नाही, म्हणून मी चालते आहे.

या आजारावर औषध नाही. मी आधी ओळखलं असतं तरी त्याचे पाय गेलेच असते. लोक मला हेच सांगून धीर देतात. पण स्टिरॉइडने त्याच्या पाठीचा एक मणका दबला, तो आजाराने नव्हता दबला. ताकद यावी म्हणून रोज पहाटे टेकडी चढून त्याने स्नायू आणखी थकवले. आणि त्याच्यावर दारूचा संशय घेणाऱ्यांत मीही होते. हे कुठल्या रिपोर्टात येत नाही.

आता स्टिरॉइड हळूहळू कमी करून थांबवलीत. पायांना पट्टे आहेत, बेताचा व्यायाम आहे, वर्षातून एकदा छातीची तपासणी. गॅरेजमध्ये तो खुर्चीवर बसून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि बिघाड सांगतो.

गेल्या मे महिन्यात घरी गेले. जेवण झाल्यावर दादा टेबलाला रेटा देऊन उठला. तो किती सेकंदांत उठतो, कुठल्या हातावर भार देतो, मी बघत होते. त्याच्या ते लक्षात आलं.

"तू माका बघूक इलंस काय तपासूक?" त्याने विचारलं.

आई हसली. मलाही हसायला हवं होतं. गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हाला हे कळेल. ज्या दिवशी बारकाईने बघायचं होतं, त्या दिवशी मी बहीण म्हणून फुगून बसले. आता त्याच्याकडे नुसतं बहिणीसारखं बघायला जाते, तर ते जमत नाही. घर अजून तिथेच आहे, माझी खोलीही आईने तशीच ठेवली आहे. दादा भिंतीला धरत पडवीत गेला. मी ताटं उचलली आणि त्याची पावलं मोजणं थांबवायचा प्रयत्न केला.