चप्पल बांधावर होती

सायखेड्याच्या नवसाबाईंना साठ वर्षांत कुणी निराधार म्हटलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही नाही; तशी कुणाची छातीच झाली नाही. ते काम इंदिरानगरातल्या एका छायाचित्र प्रदर्शनाने केलं.

नात वैष्णवी तिथे सहज गेली आणि आजीसमोरच येऊन थबकली. चार फुटी फोटो. झेंडूच्या वाफ्यात आजी, अनवाणी, टाचांच्या भेगांसकट. खाली पाटी : ‘निराधार’.

आता, नवसाबाईंच्या घरची रीत अशी, की फूल देवाच्या डोक्यावर जायचं, म्हणून तोडणीला पायताण बांधावर काढायचं. यातून सुनांनाही सूट नव्हती. छायाचित्रकार ललितच्या फोटोत बांध मावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवसाबाई नवी चप्पल घालून वैष्णवीसोबत आल्या आणि खुर्ची ओढून फोटोखाली बसल्या. येईल त्याला सांगू लागल्या, “मीच ती. मळा माझा हाय. चप्पल बांधावर व्हती. फोटो न इचारता काढलाय.” रसिक आधी फोटो बघत, मग त्यांचे पाय, मग घाईने चहाच्या टेबलाकडे वळत.

ललित धावत आला. “आजी, सार्वजनिक ठिकाणी परवानगी लागत नाही.”

“माझा मळा कवापासून सार्वजनिक झाला? पाणी पाहिजे तवा ‘देता का आजी’ म्हणालास. पाण्यासाठी इचारलंस, फोटोसाठी नाय.”

“पण तुमच्या चेहऱ्यावर केवढी वेदना आहे!”

“ऊन व्हतं डोळ्यावर.”

ललितने खिशातून परवानगीचा कागद काढला. “बरं, इथे सही करा. फोटोचं नाव बदलतो. ‘कष्टाची माती’ चालेल?”

“हे आधी इचारायचं असतं, बाबा. आता इचारलंस, तर आता सांगते. नाय. उतरव.”

“प्रदर्शन रविवारपर्यंत आहे.”

“मग मीबी हाय रविवारपर्यंत.” त्यांनी डबा उघडला. ठेच्याचा वास कलादालनाच्या कानाकोपऱ्यात पोचला.

चार वाजता ललित शिडीवर चढला. फोटो उतरला, वैष्णवीने समोर उभं राहून त्याच्या लॅपटॉपमधूनही पुसायला लावला. पाटी मात्र पक्की चिकटलेली. तो ती नखांनी खरवडत असताना एक बाई आत आल्या. त्यांनी पाटी वाचली, ललितकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “कोण हो हे?”

नवसाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. “त्याला इचारल्याबिगर कसं सांगू?”