सुजीच्या पुड्या

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. आक्काला नाही, देवालाही नाही — देवापुढं बसले की दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

सुजी माझी एकुलती लेक. पाचवीत असताना वर्गात तिला फिट आली, पोरं हसली, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावून सांगितलं, ही जबाबदारी आम्हाला झेपायची नाही. मी तिथल्या तिथं दप्तर उचललं. म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची शाळा, माझ्या पोरीला मी शिकवीन! आणि शिकवलं हो. वडगावात आमच्या घरी पुढच्या खोलीत माग, मागं स्वयंपाकघर — तीच तिची शाळा. लिहिणं-वाचणं झालंच, पण कुकर लावणं, गॅस बंद केला का ते बघणं, इकडच्या बाजारात कानडीत भाव करणं, फोनवरनं पैसे पाठवणं, बसमध्ये कंडक्टरला आधीच सांगून ठेवणं की मला फिट येते, आली तर कुशीवर झोपवा. माझ्या माघारी पोर कुणाच्या दारात उभी राहू नये, एवढंच मनात होतं. एवढंच होतं का? तेव्हा तरी होतं.

फिटच्या गोळीचं मात्र अवघड जायचं. आज घेतली की काल, तिला आठवायचं नाही. मग मीच युक्ती काढली. साडीचे उरलेले रेशमी दोरे घरात पडलेलेच असतात — वाराला एक रंग ठरवला. दर रविवारी बसून ती आठवड्याच्या पुड्या बांधायची, आणि मागावर तुटलेला धागा जोडताना मारतो ना, ती बारीक गाठ मारायची. गाठ मीच शिकवलेली. फिट येणं जवळजवळ थांबलंच.

पोर मोठी झाली, मग तिचे आप्पा गेले. घरात आम्ही दोघीच. त्यानंतर वर्षभरात आक्कानं — माझी थोरली बहीण, खानापुरात तिची खानावळ आहे — विचारलं, सुजीला पाठव की माझ्याकडं. हाताला चव आहे पोरीच्या, पगार देते, मागं खोली आहे. सुजी नाचायचीच काय ती बाकी राहिली. "आई, मी एकटी ऱ्हाणार!" लई खूश. आणि मी? ज्यासाठी एवढी राबले ते समोर आलं, तर मलाच ते नको झालं. संध्याकाळी माग बंद केला की घर कसं गप्प होतं — त्यात मी एकटी बसू?

टाळतेय बघा. सांगते.

जायच्या आदल्या दुपारी ती शेजारी निरोप घ्यायला गेलती. मी तिच्या पिशवीतल्या पुड्या काढल्या. गाठी सोडल्या. फिटच्या गोळ्या काढून माझ्या शक्तीच्या गोळ्या घातल्या — तशाच पांढऱ्या, तेवढ्याच. आणि पुन्हा तीच गाठ मारली. पिशवी होती तशी ठेवली. म्हटलं, एखादी फिट येईल, आक्का घाबरेल, पोर परत येईल. बस्स. चुलीचा विचार मनात आला नव्हता म्हणू? आला होता. मी तो बाजूला सारला.

आठवडा संपायच्या आत आक्काचा फोन आला. आमटी ढवळता ढवळता सुजी पडली होती, आणि उकळतं पातेलं तिच्या उजव्या हातावर.

दवाखान्यात डॉक्टरांनी उरलेल्या पुड्या उघडून बघितल्या. ह्या तर शक्तीच्या गोळ्या, म्हणाले. सुजीला धड बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, "मी बघून बांधल्यात." दोनदा म्हणाली. आणि मी — तिची आई — उशाशी उभी राहून बोलले, "गल्लत झाली असंल हो तिच्या हातनं." तिनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही. संशयानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती आठवत होती, आपण कुठं चुकलो ते. शेवटी म्हणाली, "चुकलं माझं, आई. एवढं शिकवलंस तू." मी तिच्या केसांवरनं हात फिरवला. असू दे म्हणाले. असू दे!

आता ती घरीच असते. मला पाहिजे होतं ते मिळालं. तिच्या त्या हाताची बोटं मिटत नाहीत. खानापूरचं नाव काढत नाही, गॅसजवळ जात नाही, कोपऱ्यावर दूध आणायला सांगितलं तरी म्हणते, तूच जा, माझ्या हातनं गल्लत होती.

रविवारी पुड्या मी बांधते. ती समोर बसून डाव्या हातानं एकेक दोरा देते — पांढरा, हिरवा, लाल. गोळीकडं बघतसुद्धा नाही. परवा म्हणाली, "आई, तू बांधलीस म्हंजे मला भ्या न्हाय."

मी गाठ मारली, आणि पुढच्या दोऱ्यासाठी हात पुढं केला.