मागच्या दाराचा चार्ज

"अहो, तुम्ही मागून या. इथे पाहुण्यांचे फोटो चालू आहेत."

डॉक्टर हे म्हणाले तेव्हा माझ्या हातांत मसालेभाताचं पातेलं होतं. गरम. कडा टॉवेलात गुंडाळून धरलेल्या, तरी बोटं भाजत होती. नॉटिंगहॅममधला भाड्याचा हॉल, दिवाळी स्नेहसंमेलन, बाहेर नोव्हेंबरचा बोचरा वारा. डॉक्टर म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मी ज्या हॉस्पिटलात नर्स आहे तिथलेच मोठे सर्जन. अंगात रेशमी कुर्ता, वर जॅकेट. दारात रांगोळी, टेबलावर गुलाबपाणी.

माझ्याबरोबर माझी मुलगी होती, नऊवारी नेसलेली. तिच्याकडे बघून ते हसले. "तू ये गं पुढून. तू तर आज स्टेजवर आहेस!"

मुलगी तिथेच थांबली. "आई, आपण एकत्र नाही जायचा का?" इथेच जन्मलेली, तिचं मराठी असंच आहे. मी म्हटलं, जा तू. ती पुढून गेली. मी पातेलं परत गाडीत ठेवलं, गाडी फिरवून मागे नेली, कचऱ्याच्या बिन्सशेजारी लावली आणि किचनच्या दाराने आत शिरले. साडीवर तेल सांडलं होतं. नवी साडी. मिरवायची म्हणून नेसली होती, वाढपासाठी नव्हे.

इथे जात कोणी काढत नाही हो. छे! सगळे शिकलेले लोक. फक्त पहिल्या भेटीत आडनाव विचारतात. मग एक छोटंसं "अच्छा" म्हणतात. त्या "अच्छा"नंतर मी कायमची किचनमध्ये. लक्ष्मीपुढचं नैवेद्याचं ताट डॉक्टरांच्या घरून येतं, वहिनींच्या हातचं. माझं पातेलं बाकीच्यांसाठी. सगळे बोटं चाटून खातात आणि "मसालेभात कोणी केलाय?" असं विचारायला कोणी आत येत नाही.

मुलीचा नाच मी वाढपाच्या खिडकीतून पाहिला. अर्धाच दिसला. मध्येच कोणीतरी भांडी पुढे सरकवली.

माझी आई आमच्या गावात एका डॉक्टरांकडे भांडी घासायची. मागच्या दाराने जायची, मागच्या दाराने यायची. मला वाटलं होतं, शिकलं, परीक्षा दिल्या, विमानात बसलं की ते दार संपतं. खुळी होते मी.

काही दिवसांनी पत्र आलं. पार्किंग सांभाळणाऱ्या खाजगी कंपनीचं. माझी गाडी आत शिरतानाचा फोटो, बाहेर पडतानाचा फोटो. कारण काय, तर पाहुण्यांनी गाडीचा नंबर आत ठेवलेल्या टॅबलेटवर टाकायचा असतो. तो मी टाकला नाही. म्हणून चार्ज, म्हणजे दंडच. आणि तो टॅबलेट कुठे होता? पुढच्या दारात. रिसेप्शनला. रांगोळीच्या अगदी शेजारी.

पार्किंगमध्ये पाटी होती, मी नाही म्हणत नाही. पाटीवर लिहिलं होतं, रिसेप्शनला नंबर टाका. पण रिसेप्शनपर्यंत मला जाऊ कोणी दिलं?

मी अपील केलं. सरळ लिहिलं, मी मंडळाच्या कामाला आले होते, मला किचनच्या दाराने पाठवलं, टॅबलेट माझ्या नजरेला पडला नाही. कंपनीने अपील फेटाळलं. म्हणाले, पाट्या स्पष्ट आहेत. तुम्ही पाहुण्या होतात याचा पुरावा असेल तर त्रयस्थ लवादाकडे अपील करा. नवरा म्हणाला, "भर आणि मोकळी हो. ओळखीची माणसं आहेत, कशाला वाकड्यात शिरतेस?"

पुरावा म्हणजे दोन ओळी. मंडळाने लिहायच्या. मी डॉक्टरांना हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये गाठलं. बरोबर त्यांचे दोन ज्युनियर होते, त्यातला एक पुण्याचा. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. चहा ढवळत.

"अहो, तो टॅबलेट गेस्टसाठी होता. तुम्ही गेस्ट थोड्याच होतात?"

पुण्याचा मुलगा खाली बघून हसला.

"आणि हॉलवाल्यांशी मंडळाचे चांगले रिलेशन्स आहेत. एकेकाला लेटर देत बसलो तर कसं होणार? पाटी वाचायला हवी होती. अशाने आपल्या लोकांचं नाव खराब होतं."

चोर तर चोर, वर शिरजोर. मागून पाठवणार हे, आणि नाव खराब करणार मी! तळपायाची आग मस्तकात गेली. पण अंगावर युनिफॉर्म होता, वॉर्डात पेशंट वाट बघत होते. मी वळले आणि निघाले. लिफ्टमध्ये रडू आलं, त्याचा मला जास्त राग आला.

त्याच आठवड्यात वहिनींचा फोन. आवाजात नुसती साखर.

"हे म्हणाले तुम्हाला जरा अडचण आहे. तो चार्ज मी भरून टाकते हं. मदत समजा. कोणाला सांगू मात्र नका."

मदत! मी काही हातात वाडगा घेऊन त्यांच्या दारात उभी नव्हते. महिन्याचा पगार मी माझ्या मनगटाच्या जोरावर कमावते. तरी मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "वहिनी, मला पैसे नकोत. मला एक वाक्य पाहिजे."

"कोणतं?"

"'या बाईंना आम्हीच मागच्या दाराने यायला सांगितलं.' एवढंच लिहा आणि खाली सही करा."

वहिनी म्हणाल्या, "असं कसं लिहिणार? किती वाईट दिसतं ते!"

दिसतं ना वाईट? करताना नाही दिसलं. लिहायची वेळ आली तेव्हा दिसलं. मी फोन ठेवला आणि त्या क्षणापासून मला त्या लोकांची भीती वाटेनाशी झाली.

लवादाकडचं अपीलही फेटाळलं गेलं. पुरावा नाही म्हणे. मग लाल अक्षरांची पत्रं सुरू झाली. वसुली करू, कोर्टात खेचू. मुलगी दारातल्या पायपुसण्यावरून पत्र उचलून आणायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी सिटी सेंटरमधल्या मोफत सल्ला केंद्रात गेले. तिथल्या बाईने समजावलं, अपील फेटाळलं म्हणजे तुम्ही गुन्हेगार ठरलात असं नाही. ही कंपनी आहे, सरकार नाही. पैसे हवे असतील तर त्यांना कोर्टात दावा लावावा लागेल आणि जजसमोर सिद्ध करावं लागेल. तिथे तुम्हाला बोलता येईल. पण हरलात तर खर्च वाढेल, हेही ऐकून ठेवा.

कंपनीने दावा लावला. मी माझं म्हणणं लिहून काढलं. पातेलं, रांगोळी, फोटो, बिन्स, खिडकी. कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. लपूनछपून काही करायचं नव्हतं, म्हणून कोर्टाला पाठवलं तशी एक कॉपी मंडळालाही पाठवली.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर स्वतः आमच्या दारात. पुढच्या. मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, चहा विचारला. नको म्हणाले. खिशातून एक पत्र काढलं. मंडळाच्या लेटरहेडवर. मी म्हणे त्या दिवशीची 'सन्माननीय पाहुणी' होते, माझी गाडी मंडळाच्या परवानगीने उभी होती.

"हे दाखवा, तुमची केस संपली. कंपनीच माघार घेईल. फक्त ते मागच्या दाराचं तेवढं काढून टाका. कोर्टात मंडळाचं नाव कशाला?"

खोटं नाही बोलत, पत्राकडे माझा हात गेला होता. किती सोपं होतं! लाल पत्रं बंद, नवऱ्याची कटकट बंद. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती एकदम म्हणाली, "पण काका, आई पाहुणी नव्हता ना? तुम्ही तिला मागे पाठवला. मी होते तिथे."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "मुलांसमोर असले विषय नकोत."

मी पत्राची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली. म्हटलं, "डॉक्टर, खरं लिहून आणा, मी ठेवून घेते. मी पाहुणी नव्हते. तुम्ही मला पाहुणी होऊ दिलं नाहीत. आता केस जिंकायला पाहुणी होऊ?"

"हराल तुम्ही," ते म्हणाले.

"हरेन."

या वर्षीच्या दिवाळीचा मेसेज मंडळाच्या ग्रुपवर आलाय. 'मसालेभात नेहमीप्रमाणे तुमच्याच हातचा हं!' खाली हात जोडलेले. मी उत्तर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: मसालेभात होणार नाही. मी आणि माझी मुलगी येऊ. दोघी पुढून येऊ.



दिवाळीच्या आधी कोर्टाची तारीख आहे. मी ड्युटी बदलून घेतली आहे. तेल सांडलेली तीच साडी नेसणार आहे, डाग काही गेला नाही. जजने चार्ज भर म्हटलं तर भरेन, माझ्या पगारातून, कोणाची मदत न घेता. पण भरायच्या आधी उभी राहून सांगणार आहे की मला मागच्या दाराने पाठवलं. कोणी पाठवलं, तेही नावासकट सांगणार आहे.